दहा फॉर्म आणि दुःखी गल्ली

माणसं वाचणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी गेल्या जूनपर्यंत छातीठोकपणे सांगत होते. मिरजगावात वडलांचं विहिरीवरच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान आहे आणि मी लहानपणापासून तिथं बसलेय. जळकी मोटार टेम्पोतून उतरवत "मी हातबी लावला न्हाई, आपोआप बंद पडली" म्हणणारा माणूस किती खोटं बोलतोय, हे मी मोटार उघडायच्या आधी सांगते!

एवढी अक्कल असून मी बी.कॉम.ला होते. फॉर्म मामानं भरला होता. का, तर म्हणे त्या खिडकीपुढं रांग लहान होती. माझ्या आयुष्याचा निर्णय रांगेच्या लांबीवर! एक वर्ष दात खाऊन काढलं. मग कळलं, नगरच्या एका कॉलेजात उपयोजित मानसशास्त्राच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात बदली घेता येते आणि एकच जागा उरलीय. विभागप्रमुख मॅडमनी फोनवर सांगितलं की मार्कशीट, टीसी आणि तयारी म्हणून दहा जणांकडून ताणतणावाची प्रश्नावली भरून आणा. वीस प्रश्न. 'कधीच नाही', 'कधीकधी' किंवा 'नेहमी', यातल्या एकावर खूण. नाव लिहायचं नाही, खाली फक्त संमतीची सही. सोमवारी मुलाखत.

"दहाच? शंभर आणते, मॅडम." हे मी बोलले. माझ्याच तोंडानं.

शनिवारी सकाळी गळ्यात जुन्या कॉलेजचं ओळखपत्र अडकवलं, हातात क्लिपचं पॅड घेतलं आणि समोरच्या रतनबाईंकडं गेले. त्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. पंचक्रोशीत इतकी सुखी बाई दुसरी नाही. चिडचिड? कधीच नाही. धडधड? कधीच नाही. झोप? "पडल्या पडल्या लागती." वीसही प्रश्न लोण्यातून सुरी फिरावी तसे संपले. मग मी म्हणाले, "काकू, इथं सही करा."

शेंग हातातच राहिली. त्यांनी आधी पॅड पाहिलं, मग ओळखपत्र.

"सही? मग थांब. ते आधीचं खोड. मला झोप येत न्हाई."

"काकू, तुमचं घोरणं आमच्या दुकानात ऐकू येतं."

"ते घोरणं न्हाई बाई. कण्हणं हाय."

मी नीट सांगितलं की ही कुठली सरकारी योजना नाही, माझा अभ्यास आहे. त्यांनी डोळा बारीक केला. कळलं म्हणाल्या, कुणाला सांगत नाही म्हणाल्या.

दुपारी बारापर्यंत दुकानापुढं रांग लागली! प्रत्येकाच्या हातात आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड आणि दोन फोटो. माझे दहा फॉर्म कधीच संपले होते, पण झेरॉक्सवाल्या अझहरनं कोरा फॉर्म मिळवून छापखाना सुरू केला होता. रांगेला शिस्त लावायला ग्रामपंचायत सदस्य गहिनीनाथ आले. त्यांनी मार्गदर्शनही केलं. "समद्यांनी 'नेहमी'वरच खूण करा. 'कधीकधी'वाल्याला आजवर कायबी मिळालं न्हाई."

मी खुर्चीवर चढून ओरडले की योजना नाही, नाही, नाही! गहिनीनाथांनी लोकांना शांत केलं. मागच्या सर्व्हेचा साहेबही असाच ओरडत होता म्हणाले, नंतर सगळं आलं.

संध्याकाळी मागच्या गल्लीचं शिष्टमंडळ आलं. यादीत फक्त पुढचीच गल्ली दुःखी का? आम्ही काय सुखी आहोत का? तहसीलला जाऊ! मी गुपचूप कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढं केला. रविवारी रात्री मोजले तर एकशे त्रेचाळीस फॉर्म. या सगळ्या गोंधळात वडील तांब्याची तार गुंडाळत, तिला वार्निश लावत बसले होते.

सोमवारी मॅडम फॉर्म उलटत गेल्या. नेहमी. नेहमी. नेहमी. आठवा प्रश्न होता, 'तुम्हाला प्रसन्न वाटतं का?' त्यालाही अख्ख्या गावानं 'नेहमी'!

"गावात काही दुर्घटना झालीय का?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

जागा गेली, हे मला दिसलं. गेलीच आहे तर मग भ्यायचं कशाला? "मॅडम, आमच्याकडं पॅडवाल्याला कोणी खरं सांगत नाही. खरं सांगणाऱ्याचं नाव आजवर लाभार्थ्यांच्या यादीत आलेलं नाही. माणसं खोटारडी नाहीत, त्या यादीनं त्यांना हे शिकवलंय. आणि मी गाढव, माणसं वाचते म्हणून मिरवत होते."

मॅडमनी तळातून एक कागद ओढला. "हा वेगळा आहे."

कोपऱ्यात वार्निशनं माखलेल्या अंगठ्याचा डाग होता. सगळीकडं 'कधीच नाही'. फक्त 'काळजीनं झोप मोडते का?' यापुढं 'नेहमी', आणि शेजारी पेन्सिलनं: पोरीला ॲडमिशन मिळंल का.

मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"आता जे बोललात ते दोन पानांत लिहून आणा," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या टीसी जमा करा."

मिरजगावला उतरले तर रतनबाई ओट्यावरच. झालं का काम, त्यांनी विचारलं. मी शेजारी टेकले आणि या वेळी खरं सांगायचं ठरवलं. योजना नव्हती, कधीच नव्हती; तुमच्या फॉर्मांच्या जोरावर मला ॲडमिशन मिळाली.

त्यांनी दोन शेंगा फोडल्या. विचार केला.

"म्हंजी रडलो आमी, आन लाभार्थी तू."

त्यांनी शेंगांनी भरलेलं सूप माझ्या मांडीवर सरकवलं आणि भिंतीला टेकल्या. मी मुकाट्यानं शेंगा फोडायला लागले. अर्ध्या सुपापर्यंत पोचले नाही, तोच शेजारून कण्हणं सुरू झालं.