दिंडीदरवाजातून चाळीस गिगाबाइट काढिल्याची हकीकत

पुढे होणारांस ठाऊक असावे, आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या भांडणास काही आधार असावा, म्हणून ही हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. तिखटमीठ लाविले नाही. लाविले असल्यास चवीपुरते.

तीर्थरूप कैलासवासी बाबासाहेब, जुन्या डिस्कांच्या मुलखाचे सुभेदार, यांनी तमाम उमर बिघडलेल्या डिस्का व माईक दुरुस्त करण्यात खर्चिली, आणि गेल्या महिन्यात कोणासही पूर्वसूचना न देता डेरा उठविला. मागे राहिले एक काळे खोके, आत चाळीस गिगाबाइटांची डिस्क, आणि तीत त्यांचा आवाज. माईक दुरुस्त जाहला की ते त्यात बोलून पाहत आणि ते बोलणे साठवून ठेवीत. अन्य कोठेही तो आवाज नव्हता, आणि खोके अलीकडे आतून टकटक करू लागले होते, म्हणजे डिस्कही मालकाच्या वाटेने निघाली होती. मातुश्री आईसाहेबांस तो आवाज हवा होता. दुसरे काही नको होते.

मग ज्येष्ठ चिरंजीव दादासाहेब, ऑप्टिकल जाळ्यांचे सरनोबत, ज्यांच्या हुकुमाने काचेच्या तारांतून उजेड धावतो, यांनी मोहीम शिरावर घेतली की, डिस्क बंद पडण्याआधी तीतील सर्व ऐवज तारेने आपल्या परमुलखातील घरी रवाना करावा. पाचास टॅक्सी, मग विमान, मग परमुलूख, ऐसा त्यांचा बेत होता. त्यांनी घरच्या फायबरचा वेग विचारिला, तो सेकंदास एक गिगाबिट निघाला, आणि फर्मान सुटले: "चाळीस गिगा ना? चाळीस सेकंदांचं काम. आधी दाढी करतो." आणि गालांस फेस लावून आरशासमोर तळ ठोकिला.

धाकट्या कन्येने अर्ज गुजारिला की, दादा, डिस्क बाइटांत मोजतात आणि तुझी तार बिटांत. बिट म्हणजे एक दाणा आणि बाइट म्हणजे आठ दाण्यांची मूठ. तेव्हा आठाने गुण. दादासाहेबांच्या कचेरीत दोन्ही टोकांस बिटच, त्यामुळे आठाची सवय त्यांस नव्हती; आणि याच आठावरून पितापुत्रांचे युद्ध जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षे चालून तहाविना राहिले होते. फेसातून उत्तर आले: "बरं बाई, सव्वापाच मिनिटं. तू अगदी बाबांवर गेलीयेस." हा किताब कन्येने ठेवून घेतला.

मग स्वारी गुळगुळीत होऊन निघाली, आणि खोक्याची केबल लॅपटॉपास जोडिली, आणि पडद्यावर उरलेला वेळ उमटला: अकरा तास. दादासाहेबांनी फायबर कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कन्येने खोक्याच्या पाठीवरील पट्टी वाचिली आणि खरा शत्रू उघडा पडला. काचेचा राजमार्ग हत्तींची रांग आडवी चालेल ऐसा रुंद. पण खोक्याचे यूएसबी पहिल्या पिढीचे, म्हणजे किल्ल्याचा दिंडीदरवाजा, एकेकाने वाकून बाहेर यावे ऐसा. सेकंदास बारा मेगाबिट. आठाने भागिता दीड मेगाबाइट. वाटेतील जकात वजा जाता हाती एक.

मग दादासाहेबांनी दुसरी मसलत मांडिली की, खोके फोडून डिस्क काढावी व नव्या दरवाजास लावावी, आणि स्क्रूड्रायव्हर मागविला. आईसाहेब उठल्या आणि खोक्यापुढे खुर्ची टाकून बसल्या. हुकूम जाहला: "तू हात लावायचा नाहीस. शाळेत असताना रेडिओ उघडला होतास, त्याचे स्क्रू अजून डब्यात पडलेत." सरनोबतांनी हत्यार म्यान केले.

इकडे फाइलींची फौज अनुक्रमाने बाहेर पडत होती. आघाडीस कोण, तर प्रिंटरचे ड्रायव्हर, ज्यांचे प्रिंटर भंगारात जाऊन जमाना लोटला. दर टकटकीस आईसाहेबांची बोटे खुर्चीच्या हातात रुतत होती, आणि पाच वाजत आले होते. मग त्यांनी विचारिले:

"त्यांचा आवाज केवढा आहे?"

हा सवाल तोवर कोणीच केला नव्हता. कन्येने कूच थांबविले, आवाजाच्या फाइली शोधिल्या आणि मोजिल्या. तीस मेगाबाइट.

"म्हणजे किती वेळ?"

"अर्धं मिनिट, आई."

"याच दारातून?"

"याच."

"मग प्रिंटर राहू देत," ऐसे आईसाहेबांनी फर्माविले.

मग आवाज वाकून दिंडीदरवाजाबाहेर आला, आणि लॅपटॉपात मुक्काम केला, आणि त्याची एक नक्कल काचेच्या मार्गाने दादासाहेबांच्या परमुलखातील घरी पाते लवण्याच्या आत पोहोचली. परीक्षेसाठी पहिली फाइल वाजविली. बाबासाहेबांनी घसा साफ केला. "हॅलो. हॅलो. ऐकू येतंय का?" आणि मागे स्वयंपाकघरातून आईसाहेबांचाच जुना आवाज: "अख्ख्या गल्लीला येतंय. बंद करा ते."

दादासाहेब हसले, आणि मग त्यांस चष्मा पुसावा लागला. कन्येचा हात बटणाकडे गेला, तोच आईसाहेबांनी आपला जुना हुकूम रद्द केला. "बंद नको करूस. पुन्हा लाव."

खाली टॅक्सीने भोंगा दिला. खिडकीतून तिजला थांबण्याचे फर्मान गेले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपल्याकडील जखमी: सरनोबतांची हनुवटी, घाईच्या दाढीत. हस्तगत: तीस मेगाबाइट. प्रिंटरचे उरलेले ड्रायव्हर किल्ल्यातच राहिले आणि त्यांची चौकशी कोणी केली नाही. आवाज त्या दिवशी पुनःपुन्हा वाजविला गेला, आणि वेग वाढवावा ऐसा अर्ज कोणत्याही पक्षाने केला नाही.