माडीवरची गाणी

आमच्या मालवणात होडी पाण्यात लोटताना देवाला गाऱ्हाणं घालतात, घराचा पाया खणताना घालतात. पण एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल आणताना गाऱ्हाणं घालणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे गुणामास्तर.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू माडयेवरसून गाणी खाली आणता हा. वाटेत उंदरान वायर कुरतडली असात, लाईट जायत असात, काय वाकडा-नाकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा!"

समोर असेल त्याने "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. त्याशिवाय मास्तर बटण दाबत नाहीत. बहुतेक वेळा समोर मीच असतो, कारण बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक. लग्न केलं नाही, थोरल्या भावाच्या, आप्पांच्या घरात राहिले. आप्पांना गाण्यांचं भारी वेड. जुन्या कॅसेटींवरची भजनं, नाट्यपदं त्यांनी एकेक करून माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये भरली. मास्तरांचा कॉम्प्युटर खाली पडवीत. दोन्ही जोडणारी निळी वायर मी आणि मास्तरांनी मिळून वाशांवरून ओढली, सुंभाने बांधली. ते बघायला अर्धी वाडी जमली होती. माडीवर ठेवलेलं गाणं पडवीत वाजलं तेव्हा शेजारची काकू तोंडाला हात लावून म्हणाली, "जिनो न उतरता इला गो!"

काय दिवस होते ते! कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात चहा होऊन जायचा. सकाळ झाली की मास्तर पडवीतून ओरडायचे, "आप्पा, तुझो फोल्डर माका दिसना नाय रे!"

वरून उत्तर यायचं, "चष्मो लाव!"

चष्मा लावला की फोल्डर दिसायचा.

मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्यांचा मास्तरांना भयंकर राग. "ता गाणा खंयसून येता, कोन धाडता, ठावक तरी आसा? आमचा गाणा घरातल्या घरात चलता." पेन ड्राइव्ह तर त्यांना बाजारातून पिशवीत मासळी आणल्यासारखा वाटतो.

मग आप्पांचे गुडघे गेले. मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला. जाताना म्हणाले होते, "पावसाळो सरलो की येतलंय." त्यानंतर किती पावसाळे सरले. आता ते फोनवर बोलतात, तेही थोडंच.

परवा मास्तरांचं बोलावणं आलं. गाणं अर्ध्यावर थांबतंय म्हणाले. मी मास्तरांबरोबर माडीवर जाऊन आप्पांचा कॉम्प्युटर उघडला. आतली डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

"मास्तरानू, आजच्या आज सगळी गाणी तुमच्या कॉम्प्युटरात घेवया. नायतर आप्पांनी जमवलेला सगळा जातला. मगे ह्यो वरचो बंद करून टाकू."

मला वाटलं, मास्तर लगेच गाऱ्हाणं सुरू करतील. पण ते म्हणाले, "नवी डिस्क घाल. पन गाणी हंयच रवांदेत."

"पन कित्याक? वापरणारे तुमी एकटेच. उगाच दोन-दोन मशिनी कशाक?"

मास्तरांनी मला हाताला धरून खाली पडवीत नेलं, एक भजन लावलं आणि वर बोट दाखवलं. माडीच्या फळ्यांतून डिस्कची करकर ऐकू येत होती.

"आयकलंस? गाणा हंय वाजता, पन हालचाल थंय वर चलता. आप्पा उठलो, खुर्ची सरकवल्यान, कायतरी शोधता हा, असा वाटता बघ. सगळा खाली आणलंय तर वर कोन रवतलो रे?"

या माणसाची मी इतकी वर्षं थट्टा करत आलो, आणि हा दिवसभर भावाची चाहूल ऐकत बसलेला होता.

दुकानात नव्या डिस्क होत्या, पण त्या सगळ्या मुक्या. त्यांच्यात फिरणारं काहीच नसतं. मी माळ्यावरची खोकी उपसली आणि जुन्या पद्धतीची, पण धडधाकट अशी एक डिस्क शोधून काढली. काढून आणलेल्या डिस्कवरची आप्पांची सगळी गाणी तिच्यात भरली आणि दुसऱ्या दिवशी ती माडीवर नेऊन बसवली.

मास्तरांनी खाली भजन लावलं. वर करकर सुरू झाली. मास्तरांनी छताकडे पाहिलं आणि भजनाचा आवाज थोडा कमी केला.