कालयानाला नारळ

विज्ञानकथा कुठे संपते आणि अद्भुतकथा कुठे सुरू होते, हे मला विचारा! भले भले लोक यावर चर्चासत्रं भरवतात, चहा-बिस्किटं संपवतात आणि काहीही न ठरवता घरी जातात. मी हा प्रश्न कान्ह्यातल्या आमच्या गणेश मंडळाच्या बैठकीत, सतरंजीवर मांडी घालून, दोन वाक्यांत निकालात काढला होता.

झालं असं की तालुक्याच्या जिवंत देखाव्यांच्या स्पर्धेत यंदा दोन गट केले होते. एक विज्ञानकथेचा, एक अद्भुतकथेचा. आमचं मंडळ वर्षानुवर्षं राक्षसवधाचा देखावा करतं आणि वर्षानुवर्षं हरतं. मी कामशेतच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे माझ्या अंगात आलं. (शब्द चुकला. मला स्फुरण चढलं.)

"यंदा विज्ञानकथा!" मी जाहीर केलं. "कालयान! एक आजी त्यात बसते आणि साठ वर्षं पुढच्या मावळात उतरते. पहिली ढाल आपली!"

"पर राक्षस कुटं हाय यात?" आमचे अध्यक्ष निवृत्तीआबा म्हणाले.

"आबा, विज्ञानकथेत राक्षस नसतो."

"आसूं दे की. हिरवा रंग मारू, डोक्याव दोन अँटिना लावू. झाला परग्रहावरचा!"

"तसं नसतं! मंत्र म्हणून दार उघडलं तर ती अद्भुतकथा. रिमोटनं उघडलं तर विज्ञानकथा."

"रिमोटातनं काय निघतं?"

"इन्फ्रारेड किरण."

"दिसत्यात का?"

"नाही."

"मंत्र बी दिसत न्हाई," आबा म्हणाले आणि अख्खी बैठक माना डोलवायला लागली.

आता सांगा, अशा माणसांशी काय बोलणार? मी तिरीमिरीत उठलो, मंडळाचा फळा ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बटण दाबल्यावर चालते ती विज्ञानकथा. हात जोडल्यावर चालते ती अद्भुतकथा.' खाली माझी सही ठोकली आणि वर हेही बोलून बसलो, की विज्ञानाची ढाल आणली नाही तर पुढच्या वर्षी राक्षस मी होईन!

राक्षस होणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. तो मुखवटा कागदाच्या लगद्याचा आहे. त्यात आजवर मंडळाच्या निम्म्या कार्यकर्त्यांनी घाम गाळलाय आणि तो कधीही धुतलेला नाही. गेल्या वर्षी जो राक्षस झाला होता, त्याच्या नाकाला तर अजून वास येत नाही. कसलाच!

कालयान मात्र झकास जमलं. पाण्याची काळी टाकी आडवी केली, तिला दार कापलं, आतून चंदेरी कागद लावला. मंडपाचं वायरिंग करणाऱ्या अबरारनं तिच्यात कूलरचा पंखा, दिव्यांच्या माळा आणि लग्नात वापरतात ते धुराचं यंत्र बसवलं. बाहेर एकच लाल बटण. शास्त्रज्ञ मी स्वतः, पांढऱ्या कोटात. आजीच्या भूमिकेत आक्काबाई, कारण त्यांचा आवाज माईकशिवाय स्टेशनापर्यंत पोचतो. माझी व्याख्या लिहिलेला फळा मी मुद्दाम मंडपाच्या तोंडाशी ठेवला. परीक्षकांनी आधी ती वाचावी, मगच आत यावं!

संध्याकाळी परीक्षक आले. एक बाई आणि दोन गृहस्थ. तिघांनी फळा वाचला. बाईंनी तर चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "वा! इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं." मी मान तिरकी करून ती स्तुती स्वीकारली. ढाल माझ्या डोळ्यांसमोर चमकायला लागली.

"या आजी," मी माझं वाक्य म्हटलं. "बसा कालयानात!"

आक्काबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आजी, बसा."

"पूजा झाली का ह्याची?" आक्काबाईंनी विचारलं. हे वाक्य संहितेत नव्हतं.

मी दातांवर दात ठेवून पुटपुटलो, "मावशी, पूजा कसली? हे नाटक आहे!"

"आसंल नाटक. पर आत मी खरीच बसनार हाय ना? पूजा न केल्याली गाडी मला चालत न्हाई. जावयानं ट्रॅक्टर आनला, तवा बी नारळ फुटल्याबिगर मी पाय ठिवला न्हाई."

त्यांचा खासगी आवाजही स्टेशनापर्यंत जातो. मंडपात बायकांमधून "बरोबर हाय!" असा गजर झाला. अहो, साठ वर्षं पुढे निघालेली बाई ट्रॅक्टरवर अडकून बसली!

मी म्हटलं, यांना यंत्र चालू करूनच दाखवतो. ऐटीत हात उंचावला आणि लाल बटण दाबलं.

काहीही झालं नाही.

पुन्हा दाबलं. टाकी नुसती टाकी होऊन पडून राहिली.

"सर, मागचा फेज गेला!" पडद्याआडून अबरार कुजबुजला. "थांबा, जनरेटर लावतो!" आणि तो मागच्या मागे पळाला. हे फक्त मला ऐकू आलं. लोकांना ऐकू आल्या त्या आक्काबाई.

"बगा! मी काय म्हनत हुते?"

"नारळ फोडा, नारळ!" मंडपातून आवाज आला. मग टाळ्यांच्या ठेक्यावर, "नारळ! नारळ! नारळ!"

परीक्षकांना पुढे सुदुंबऱ्याला जायचं होतं. एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं आणि चपला शोधायला सुरुवात केली. निवृत्तीआबा माझ्याकडे बघून डोक्यावर दोन बोटांची शिंगं करून दाखवत होते. मला त्या मुखवट्याचा वास आला. शप्पथ, तिथे स्टेजवर आला!

माझं डोकं फिरलं. गणपतीपुढच्या ढिगातला एक नारळ मी उचलला, पायरीवर आपटला, अर्धं पाणी टाकीवर शिंपडलं, अर्धं पांढऱ्या कोटावर सांडलं आणि त्या कालयानाला खाडकन हात जोडले.

"चल बाई एकदाची!" मी ओरडलो.

आणि ते चालू झालं!

पंखा घोंगावला, माळा लखलखल्या, धुराचा असा लोट आला की पुढच्या तीन रांगा दिसेनाशा झाल्या. मंडपात "मोरया!"चा गजर उठला. आक्काबाईंनी टाकीला वाकून नमस्कार केला, उजवा पाय आधी टाकत आत बसल्या आणि साठ वर्षं पुढे रवाना झाल्या.

"जनरेटर!" मी बोंबलत होतो. "जनरेटर चालू झाला! ऐकून तर घ्या!" कोण ऐकतंय! अबरार ग्रीसचे हात पुसत माझी बाजू मांडायला आला, तर लोकांनी त्यालाच प्रसादाची खिरापत दिली.

देखावा संपल्यावर टाकीपुढे रांग लागली. दाराच्या कडेला हळद-कुंकू लागलं. एकानं नव्या मोटरसायकलची चावी टेकवली. आणि त्याच रांगेत, हातात फिजिक्सचं पुस्तक घेऊन, माझी विद्यार्थिनी स्नेहल उभी!

"स्नेहल, तू? विज्ञान शाखेची?"

"सर, तुम्हीच जोडलेत की हात," ती म्हणाली आणि पुस्तक टाकीला टेकवून गेली.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. आम्हाला ढाल मिळाली. पहिली! अद्भुतकथेच्या गटात!

मी तडक परीक्षक बाईंना गाठलं. "मॅडम, आम्ही विज्ञान गटात होतो! गट परस्पर कसा बदलला?"

"परस्पर कुठे? तुमची व्याख्या तिघांनाही पटली," त्या प्रेमानं म्हणाल्या. "बटण दाबल्यावर ते चाललं नाही. हात जोडल्यावर चाललं. तुमच्याच सहीनं लिहिलेलं होतं. आणि तो वैतागलेला शास्त्रज्ञ शेवटी हात जोडतो ना, तो प्रसंग तर अप्रतिम लिहिलाय तुम्ही!"

मी "धन्यवाद" म्हणालो.

ढाल हातात आली तेव्हा निवृत्तीआबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली होती. मीही, खोटं कशाला सांगू, ढालीवरून दोनदा हात फिरवला. तेवढ्यात आबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पर मास्तर, तू विज्ञानाची म्हनला हुतास. शबूद म्हंजी शबूद."

मुखवटा सध्या आमच्या गॅलरीत खुंटीला लटकतोय. "घरात आणलात तर मी माहेरी जाईन," असं माझ्या बायकोनं, मानसीनं, स्पष्ट सांगितलंय. त्याहून जास्त छळ तिनं दुसराच मांडलाय. पाण्याचा पंप सुरू झाला नाही की ती स्वयंपाकघरातून गोड आवाजात विचारते, "अहो, नारळ आणू का?"

मी फ्यूज तपासतो, वायर तपासतो, कपॅसिटर तपासतो. परवा मात्र अर्ध्या आंघोळीत पाणी गेलं, सगळं तपासून झालं, अंगाला साबण तसाच वाळला, आणि मी वैतागून ओरडलो, "आण!"

लगेच चालू झाला हो मेला!