बसप्पांची बजावणी

मुलांनो, धाराशिवच्या आपल्या गल्लीत दर आठवडी बाजाराला एक माणूस खांद्यावर अर्धा माणूस घेऊन येतो. दोन पाय त्याच्या छातीवर लोंबत असतात आणि कमरेच्या वर काहीच नसतं. नवीन भाडेकरू असेल तर तो जागच्या जागी थबकतो. जवळ आल्यावर कळतं, की ती खाकी पँट आहे. पायांची टोकं शिवून बंद केलेली. उजव्या पायात बटाटे, डाव्या पायात कांदे, मागच्या खिशात कोथिंबीर आणि चोरखिशात हिरव्या मिरच्या. ही पँट मानेभोवती टाकून, यात्रेत पोराला खांद्यावर घेतात तसं तिचे दोन्ही पाय हातांनी धरून जे गृहस्थ चालत येतात, ते आपले शेजारी बसप्पा.

बसप्पा मूळचे कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुमचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. साऱ्या जन्मात त्यांनी एकच नोकरी केली, कोर्टात बेलिफाची. बेलिफ म्हणजे कोर्टाचं समन्स घरोघर नेऊन देणारा माणूस. या देण्याला बजावणी म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे खाकी पँटी उरल्या आणि त्यांच्या त्यांनी पिशव्या केल्या. "सरकारी कापड हाय, वैनी. फाटंल, पण हार मानायचं न्हाय," असं ते मला म्हणाले.

प्लास्टिकची पिशवी पुढे केली, की बसप्पा दोन्ही हात वर करून ओरडतात, "बेडा!" बेडा म्हणजे कानडीत नको. गल्लीला कानडीतला हा एकच शब्द येतो, पण तो सगळ्यांना येतो. भाजीवाली त्यांना लांबून बघूनच म्हणते, "व्हय अप्पा, बेडा, माहिताय." पोरं अभ्यासाला बेडा म्हणतात. समोरच्या कमलताईंच्या घरी तर दुधीभोपळ्यालाही बेडा म्हणतात.

एकदा बाजारात बसप्पा गवारीवरून घासाघीस करत होते. मागून एक काळीभोर शेळी आली आणि तिने पँटचा डावा पाय खायला सुरुवात केली. कांदे रस्ताभर घरंगळले. लोक "अप्पा, पँट! अप्पा, पँट!" म्हणून ओरडायला लागले, तर बसप्पांनी आधी अंगातली पँट चाचपली. मग मागे वळून बघितलं. मी शेळीला हाकलायला छत्री उगारली, तर मलाच थांबवलं.

"खाऊ द्या वैनी, खाऊ द्या. कापड हाय, पचंल तिला. प्लास्टिक असतं तर पोटात बसलं असतं आन् बिचारी मेली असती."

शेळीने पाय गुडघ्यापर्यंत खाल्ला. त्या पँटला आम्ही आता अर्धी चड्डी म्हणतो. ती फक्त लिंबांसाठी वापरतात.

पण पिशव्या ही साधी गोष्ट झाली. बसप्पांचा खरा कायदा वेगळाच आहे. ज्याचा माल, त्याच्या हवाली. घरात बिस्किटाचा पुडा आला, की बिस्किटं खाऊन झाल्यावर कागद धुतात, वाळवतात, रुमालासारखी घडी घालतात आणि ज्या दुकानातून आणला त्या दुकानात परत नेऊन देतात. दुकानदाराच्या हातात ठेवायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "बजावणी झाली!"

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने सुरुवातीला हसून घेतलं. मग नुसतंच घेतलं. मग एके दिवशी म्हणाला, "अप्पा, बिस्किट तुम्ही खाल्लं की मी?"

"बिस्किट म्या खाल्लं. कागद कुणी खाल्ला? कुणीच न्हाय. म्हंजे मालकाचा."

दुसऱ्या दिवशी बसप्पा लांबून दिसताच दुकानदाराने शटर ओढून घेतलं. आता बेलिफाला बंद दाराची काय भीती? माणूस कागद घेत नसेल तर तो दोन पंचांसमोर दारावर डकवायचा, हे त्यांनी जन्मभर केलेलं. त्यांनी रस्त्यावरून दोन माणसं धरून आणली, एक मी आणि एक इस्त्रीवाला, आणि आमच्यादेखत शटरवर सुतळी बांधून सगळे रिकामे पुडे ओळीने लटकवले. रंगीबेरंगी, चकाकणारे, वाऱ्यावर सळसळणारे. तासाभरात दुकानासमोर गर्दी झाली. लोकांना वाटलं नवीन एजन्सीचं उद्घाटन आहे, काहीतरी फुकट मिळणार. त्या दिवशी दुकानात इतका धंदा झाला, की दुकानदार आता बसप्पांना स्वतः हाक मारतो, "अप्पा, लई दिवसांत तोरण लावलं न्हाय?"

मागच्या खेपेला तुम्ही मेलबर्नला परत गेलात आणि बॅगेत तुमच्याच चॉकलेटांचे कागद सापडले, धुऊन, घडी घालून. तुमच्या आईने मला फोनवर विचारलं होतं, की हा काय प्रकार आहे. तो प्रकार म्हणजे बसप्पा. त्यांनी मला आधी विचारलं होतं, "ह्येचा दुकानदार कुठं ऱ्हातो?" मी म्हटलं, ऑस्ट्रेलियात. त्यांनी कागदाची घडी पुन्हा नीट घातली. मग म्हणाले, "पोरं चाललीच हायत न्हवं तिकडं?"

बसप्पांच्या बायकोला, महादेवीला, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर घरात बाप-लेक दोघंच. गौरा बापाला खूप जपते आणि बापाशी खूप भांडते. यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा हैदराबादला नोकरीत, त्याचे वडील उमरग्याचे कापडाचे व्यापारी, पोट मोठं, मिशा त्याहून मोठ्या. माणसं चांगली. त्यांची मागणी एकच होती. व्याह्यांनी फोनवर सांगितलं, "अप्पा, दुसरं काय नको. फकस्त पंगतीला दर ताटाजवळ पाण्याची सीलबंद बाटली ठेवा. आमची माणसं मानाची हायत."

बसप्पा फोनमध्येच ओरडले, "बेडा!"

त्यानंतर चार दिवस घरात गौरा बापाशी बोलली नाही. आमच्या ओट्यावर येऊन रडली. मग बसप्पा आले, तेही शेजारी बसले. मी मध्ये.

"अप्पा, माझं लगीन हाय, कोर्टाचा खटला न्हाय," ती म्हणाली.

"पर बाटल्या किती पडतील गं? पाणी एक घोट पित्यात आन् टाकत्यात. त्या बाटल्यांची बजावणी म्या कुणाला करू?"

"तेच म्हणते मी! मांडवात तुम्ही बाटल्या गोळा करत फिरणार आन् सगळे हसणार." तिने डोळे पुसले. "ठीक हाय. बाटल्या नको तर नको. सासऱ्यांना मी सांगते, गिलासात पाणी देऊ म्हणून. पण एक ध्यानात ठेवा. त्या दिवशी तुमच्यामुळं मला मान खाली घालायला लागली, तर मी माहेरपणाला पाय ठेवणार न्हाय."

ती रागात बोलली, हे मला कळत होतं. बसप्पांना कळलं नाही. त्यांनी अगदी कोर्टात मान डोलवावी तशी मान डोलावली. "कबूल," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडाची चवच गेली. भजी तळली तरी खाईनात.

मांडववाल्याकडे प्लास्टिकचेच पेले होते. म्हणून बसप्पांनी घरोघर जाऊन स्टीलचे पेले मागितले. गल्लीने मोकळ्या मनाने दिले. कमलताईंनी दिले, डॉक्टरांनी दिले, इस्त्रीवाल्याने दिले. मी घरात नव्हते तेव्हा आपल्या घरून त्यांनी फळीवरचे आपल्या हातांनीच उचलले. पँटच्या पायांत पेले भरून बसप्पा गल्लीतून जायचे तेव्हा देवळाच्या घंटा वाजल्यासारखं वाटायचं.

आपल्याकडे भांडं कुणाला भेट दिलं, की त्यावर नाव आणि निमित्त कोरून देतात. बारसं, संक्रांत, बक्षीस, काहीही. कुणीही असले पेले लग्नात मांडताना आधी वाचून घेतले असते. पण बसप्पा बेलिफ. बेलिफ कागद पोचवतो, वाचत नाही. त्यांनी जन्मात एक समन्स वाचलं नाही, ते पेले काय वाचणार!

लग्न येडशी रस्त्यावरच्या कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली. केळीची पानं, जिलबी, स्टीलचे पेले, सगळं झकास. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात वराच्या आत्याबाईंनी पेला तोंडाजवळ नेला आणि मोठ्याने वाचला.

"कैलासवासी वामनराव यांच्या स्मरणार्थ!"

तुमच्या आजोबांचा पेला.

आत्याबाईंनी तो आदळला. "मेलेल्या माणसाचा गिलास? लग्नाच्या पंगतीत? आगं बाई गं!"

 जिलबी वाढणारा जागीच थांबला. मी गौराकडे बघितलं. तिची मान हळूहळू खाली जात होती. आणि बसप्पाही तिच्याकडेच बघत होते. मीठ वाढत होते, ते ताटलं हातातच राहिलं.

मग ते आत्याबाईंसमोर जाऊन मांडी घालून बसले. हात जोडले.

"आक्का, चूक माझी. वाचलं न्हाय म्या. पर ह्यो माणूस परका न्हवं. माझा दोस्त हुता. ही गौरा ह्येच्या मांडीवर बसून बाराखडी शिकली. आज असता तर पैल्या पंगतीला ह्योच बसला असता, आन् जिलब्या तर आसा हाणायचा, की वाढपी पळून जायचा. आता ह्येला बोलवायचं कसं, तुमीच सांगा. आला आपल्या पायानं, तर येऊ द्या की."

आत्याबाईंनी पेल्याकडे बघितलं. बसप्पांकडे बघितलं. मग पेला उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायल्या. "किती जिलब्या खायचा म्हनं?" त्यांनी विचारलं.

मी पदराने तोंड पुसलं. उकाडा फार होता.

तेवढ्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून व्याह्यांचा आवाज आला. ते आपला पेला लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. "आता ह्ये बघा! माझ्यावर लिवलंय, सौभाग्यवती सुनंदा, डोहाळजेवणानिमित्त!" त्यांनी एकदा पेल्याकडे बघितलं, एकदा आपल्या पोटाकडे. "अप्पा, कितवा म्हैना म्हणायचा मला?"

"नववा!" आत्याबाई ओरडल्या.

मग काय झालं ते विचारू नका. सगळी पंगत आपापला पेला वाचायला लागली. एका फौजदारसाहेबांना 'चि. बंडू, जावळानिमित्त' निघाला. त्यांचं टक्कल बघून त्यांची बायकोच आधी हसली. कुणाला 'लिंबू-चमचा, दुसरा क्रमांक' मिळाला, तो शेजाऱ्याला विचारायला लागला, पैला कुणाचाय? लोक पेले बदलून घ्यायला लागले. दुसऱ्या पंगतीची माणसं तर, चांगलं काही मिळावं म्हणून पेल्यांच्या टेबलावर आधीच झुंबड करून निवडायला लागली. गौरा इतकी हसली, की तिचं बाशिंग एका कानावर आलं.

निघताना ती माझ्या गळ्यात पडली. "काकू, सासरेच सांगतायत, दर सणाला धाराशिवला यायचं म्हणून." मग बापाकडे वळून म्हणाली, "दिवाळीला येते. तोवर भजी खात जावा." गाडी रस्त्याच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत बसप्पा रस्त्यात उभे होते. हातात मिठाचं ताटलं तसंच.

बिस्किटाचा कागद दुपारच्या आत परत करणारा माणूस. मला वाटलं, पेले दुसऱ्या दिवशी घरी येतील. आले नाहीत. आठवड्याने बसप्पा आले आणि एक पेला घेऊन आले. एकच. "वैनी, तुमचा गिलास." मी म्हटलं, या, चहा घ्या. ते बसले. गौराचा फोन आला होता, तिकडे पाणी जड आहे, तिला भाकरी थापायला परात मिळाली, असं सगळं सांगितलं. दोन दिवसांनी दुसरा पेला. मग तिसरा. मला कामं नीट आटपलेली आवडतात, म्हणून मी विचारलं, "अहो, बाकीचे एकदमच आणा की. हेलपाटे कशाला?"

"आणतो की," म्हणाले. आणि चहाची बशी फुंकत बसले. "पयलं म्या दारात उभा ऱ्हायलो, की लोक आत असून न्हाईत म्हणायचे, वैनी. आता गिलास दिसला की या म्हणत्यात."

आपले सहाच्या सहा पेले आले. त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी बसप्पा पुन्हा दारात. हातात पेला. "वैनी, तुमचा गिलास." त्यावर ठळक अक्षरात कोरलेलं होतं, 'सौ. कमल, हळदीकुंकू'.

मी तो घेतला. "बरं झालं आणलात," म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी पेला पदराखाली घेऊन समोर कमलताईंकडे गेले. त्यांनी आपल्या फळीचा पडदा बाजूला केला. त्यांच्या पेल्यांत लिंबू-चमच्याचा एक होता, बंडूच्या जावळाचा एक होता, आणि डॉक्टरांच्या घरचा एक.

"काल आला हा," डॉक्टरांच्या पेल्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "म्हणाले, कमलताई, तुमचा. मी म्हटलं, हो, माझाच. कांदेपोहे करून घातले."

"मग हा तुमचा तरी घ्या."

"कशाला? उद्या ते तुमच्याकडं आले आन् त्यांना तो फळीवर दिसला न्हाय, तर?"

मी तो तसाच परत आणला आणि आपल्या सहा पेल्यांशेजारी मांडला, नाव भिंतीकडे करून.