तुरगुनची बातमी तुरगुनला

शारशेन मामांच्या नातवाला शनिवारी पाळण्यात घालायचं होतं आणि तुरगुनला काही केल्या तिकडं जायचं नव्हतं. मामांवर राग होता असं नाही. लहानपणी ज्यांच्या घोड्यावर पुढं बसून शाळेत गेला, त्या मामांवर कोण रागावेल? पण तुरगुन बिश्केकला मोबाइल कंपनीत इंजिनीअर होता आणि गावाच्या लेखी अख्खं नेटवर्क त्याच्या खिशात होतं. कुठल्याही समारंभात त्याच्या ताटात मटण पडायच्या आधी मांडीवर फोन येऊन पडत. कुणाचा आवाज बारीक येई, कुणाला नातीचा फोटो सापडत नसे. खुद्द मामांचा फोन तर दर भेटीला बिघडलेलाच.

तेव्हा तुरगुननं थाप मारली. "मामा, शनिवारी ड्यूटी आहे. जागचं हलता येत नाही." आणि शुक्रवारी सकाळीच धाकटा भाऊ मेदेर याला गाडीत घालून स्वारी सोन-कुल तळ्याच्या काठी मासे धरायला गेली.

थाप मारली तीही इंजिनीअरला शोभेल अशी. रोजचा नंबर त्यानं एसेन नावाच्या सहकाऱ्याच्या फोनवर वळवला. जवळ ठेवलं ते दुसऱ्या कंपनीचं सिम, ज्याचा पत्ता मामांना नव्हता. मेदेरच्या कंपनीला तळ्याकाठी रेंज नाही, म्हणून मेदेरला येणारे फोनही त्यानं याच सिमवर वळवून घेतले. फोन एका कंपनीतून दुसरीत वळवला, तरी पडद्यावर मूळ फोन करणाऱ्याचाच नंबर दिसतो; मधे कुणाच्या दारातून आला ते दिसत नाही, हे तुरगुन दरवर्षी नव्या पोरांना फळ्यावर काढून शिकवत असे.

एक गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात नव्हती. एसेनला खोटं बोलता येत नसे.

मामांच्या गावात रेंज मिळते ती फक्त टेकडीवर. पंच्याहत्तरीचे मामा पुन्हा एकदा आग्रह करायला त्याच दुपारी टेकडी चढून गेले आणि धापा टाकत म्हणाले, "तुरगुन?" पलीकडून परका आवाज आला. एसेन भला माणूस. त्याला म्हाताऱ्याची धाप ऐकवेना.

"बाबा, आधी खाली बसा बघू. जवळ कुणी आहे का तुमच्या?"

मामा बसले नाहीत, कोसळलेच. आमच्याकडं मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. आधी माणसाला खाली बसवतात, सोबतीला कुणी आहे का विचारतात, मग आडवळणानं सांगतात.

"तुरगुन कुठाय?" मामांनी विचारलं.

एसेनच्या जिभेवर खोटं येईना आणि खरं सांगायची बंदी.

"बाबा, ते… मला नाही सांगता यायचं. घरच्यांना विचारा."

"ड्यूटीवरच झालं का?"

"ड्यूटीचं तर मला विचारूच नका!" असं म्हणून एसेननं घाम पुसत फोन ठेवला.

इकडं तळ्याकाठी तुरगुनच्या गळाला एक मासा लागत नव्हता. मेदेर मेंढपाळाच्या तंबूत घोडीचं आंबवलेलं दूध प्यायला गेला होता. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मामांचा नंबर! हे सिम मामांना सांगितलं कुणी? फळ्यावरचं सगळं ज्ञान तळ्यात बुडालं. चार वेळा त्यानं फोन वाजू दिला. पाचव्यांदा उचलला आणि नुसता "हं" म्हणाला.

"मेदेर, लेकरा," मामांचा आवाज चिरकला होता. "जवळ कुणी आहे का? खाली बस."

हा फोन मेदेरला केलेला, इकडं वळून आलाय, हे तेव्हा कुठं तुरगुनच्या टाळक्यात शिरलं. तो चिखलातच बसला. कोण गेलं? मामी?

"सरोवर होतं, आटलं," मामा म्हणाले. "चिनार होता, मोडला. आपला तुरगुन गेला रे!"

तुरगुननं तोंड उघडलं. पण 'मी आहे, मामा' म्हणावं, तर 'कुठं आहेस' हा प्रश्न ठेवलेलाच. तो गप्प राहिला. क्षणभरच, पण त्या क्षणाची त्याला जन्मभर लाज वाटायची होती. मामांना वाटलं, मेदेरला रडू फुटलंय.

"माझ्या मुळावर आलेलं त्याच्यावर गेलं. छळायचो मी त्याला, फोन बिघडला, फोन बिघडला म्हणून. कधी बिघडला नव्हता रे! तो यायचा असला की मीच काहीबाही बटणं दाबून ठेवायचो. नाहीतर म्हाताऱ्याशेजारी तासभर बसतंय कोण? … त्याच्या बायकोला इतक्यात कळवू नको, आम्ही येऊन सांगतो. मयताच्या दारात उभारायचा तंबू ट्रकवर चढवलाय. पाळण्याच्या जेवणाला कापायचा घोडा आता त्याच्या मयताच्या जेवणालाच आणतोय."

"मामा! अहो मामा, मी…"

मामा टेकडी उतरू लागले होते. नेटवर्क खिशात असलेल्या इंजिनीअरनं सतरा वेळा फोन लावला. सतराही वेळा एक बाई गोड आवाजात सांगत राहिली, की ही व्यक्ती संपर्कक्षेत्राबाहेर आहे.

मेदेरला गाडीत कोंबून त्यानं बिश्केकच्या वाटेवर, कोचकोरच्या फाट्यावर ट्रक अडवला. ट्रकमध्ये तंबूच्या काठ्या, घोडा, आणि रडून डोळे सुजलेली अकरा माणसं. समोर तुरगुन, गुडघ्यापर्यंत चिखल. गाडीच्या खिडकीतून गळाची काठी हातभर बाहेर आलेली.

मामा खाली उतरले. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान ओढून पाहिला. मग त्यांची नजर काठीवर गेली.

"ही ड्यूटी होय?"

तुरगुन काठी आत ढकलू लागला.

"मासे तरी लागले का?"

"नाही."

"मेल्या!" मामा म्हणाले आणि बाहीनं डोळे पुसू लागले. त्यांनी चाबूक ओढला असता, तर तुरगुनला हलकं वाटलं असतं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

"मामा, मेदेरच्या फोनवर मीच होतो," तो खालमानेनं म्हणाला. "तुम्ही बोललात ते सगळं ऐकलं."

"सगळं? बटणांचंसुद्धा?"

"बटणांचंसुद्धा."

आता मान खाली घालायची पाळी मामांची होती. मग ट्रक गावाकडं वळला.

शनिवारी नातू पाळण्यात पडला आणि तुरगुनच्या मांडीवर फोनांचा ढीग पडला. त्यानं एकेक करून सगळे नीट करून दिले, ताटातलं मटण गार झालं तरी. मामा मात्र दिवसभर लांबलांबच फिरत होते. सगळी पांगल्यावर ते आले आणि त्यांनी खिशातून फोन अर्धाच बाहेर काढला.

"तसं काही नाही म्हणा… पण बघतोस का जरा?"

तुरगुननं फोन उलटासुलटा करून पाहिला. यावेळी एक बटणसुद्धा चुकीचं दाबलेलं नव्हतं.

"चांगलाच बिघडलाय, मामा," तो म्हणाला. "बसा. तासभर तरी लागेल."