दोघांनी चढायचा जिना

वजनकाट्यावर पुन्हा तोच आकडा आला, तेव्हा तिने काट्याला लाथ मारली. काटा घसरत जाऊन बादलीवर आपटला, त्याला काही झालं नाही, तिच्या अंगठ्याला मात्र चांगलाच मार बसला. त्यामुळे राग दुप्पट झाला. न्हाणीघराच्या दारात नवरा दात घासत उभा होता. धीर सोडू नकोस, वजन हळूहळूच उतरतं, असं त्याने तोंडातल्या फेसासकट समजावलं. मग तो स्वतः काट्यावर उभा राहिला. त्याचं तर वाढलं होतं. हे स्नायूंचं वजन आहे, असं तो म्हणाला. एवढे जिने चढल्यावर मांड्या भरणारच, स्नायू चरबीपेक्षा जड असतात, तुला माहीत नाही का?

तिला माहीत होतं. तिला आता कशात किती साखर असते, रात्री उशिरा जेवल्याने काय होतं, सगळंच माहीत होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. दिवसभर स्टुलावर बसून, मान खाली घालून. तो एका कंपनीत लिफ्ट दुरुस्तीचा मेकॅनिक होता, इमारतीत सगळे त्याला मेस्त्री म्हणत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या केल्या आणि औषधं लिहून देण्याआधी दोघांनाही सुनावलं. दोघांची वजनं जास्त आहेत, त्याचा दोघांच्याही शरीरावर परिणाम होतोय. गोड, तळलेलं, बाटलीतली सरबतं बंद करा, रोज चाला, वेळेवर झोपा, आणि मेस्त्री, तुमची सिगारेटही बंद. मग बघू.

घरी येताना त्यानेच शपथ घेतली होती. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. आजपासून आपण दोघांनी लिफ्टला हात लावायचा नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवणारा माणूस स्वतः जिना चढतोय, या कल्पनेने त्याचे डोळे पाणावले होते. तिचेही पाणावले होते.

तेव्हापासून ती उकडलेल्या भाज्या खात होती. दुकानात कोणी वाढदिवसाचा केक आणला तर ती काच घासायच्या मशीनकडे तोंड करून बसायची. पहिले काही दिवस जिन्यात मधेच बसावं लागायचं, आता दम न खाता वर पोचायची. वजन मात्र थोडंसं उतरून हटून बसलं होतं. त्याहून जास्त तिला सासूबाईंचा राग यायचा. सासूबाई बोलायच्या काहीच नाहीत. फक्त तिच्या ताटाकडे बघायच्या, मग मुलाच्या ताटाकडे बघायच्या आणि उसासा टाकायच्या. ओळखीत कुणाकडे बाळ झालं की बघायला एकट्याच जायच्या. तुला उगाच वाईट वाटेल, असं म्हणायच्या, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागायचं.

एकच गोष्ट तिला धरून ठेवायची. संध्याकाळी नवरा दारात यायचा तो धापा टाकत, कपाळ ओलंचिंब, एक हात चौकटीवर. ती पाण्याचा पेला पुढे करायची आणि तिचा दिवसभराचा राग जरा विरघळायचा. आपण एकट्या नाही, असं वाटायचं.

त्या दिवशी दुकानातल्या मशीनचा पट्टा तुटला, म्हणून मालकाने तिला लवकर घरी पाठवलं. इमारतीच्या दारात गर्दी होती. सेक्रेटरी होते, पहिल्या मजल्यावरचे पोट सुटलेले वकील होते, नुकतंच लग्न झालेला दुसऱ्या मजल्यावरचा दाढीवाला होता. लिफ्ट वरच्या दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. आत कोण आहे ते कळत नव्हतं, कारण धोक्याची घंटा वाजली नव्हती, फक्त मधूनमधून पत्र्यावर थापा ऐकू येत होत्या. सेक्रेटरींनी सांगितलं की मेस्त्रींना केव्हापासून फोन लावतोय, पण सारखा दुसऱ्या कॉलवर. तुम्ही लावून बघा वहिनी, तुमचा उचलतील.

तिने लावला. त्याने उचलला.

"कुठे आहेस?"

"कामावर," तो म्हणाला. "शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एका हॉस्पिटलची लिफ्ट अडकलीय. यायला उशीर होईल."

तिच्या कानाजवळच्या फोनने हे सांगितलं, आणि पाठोपाठ लिफ्टच्या पोकळीतून तेच घुमत खाली आलं. यायला उशीर होईल. सेक्रेटरींनी वर बघितलं. वकिलांनी वर बघितलं. दाढीवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि जिना चढायला लागली. ती अशा वेगाने चढली की तिच्यामागे निघालेली मंडळी दुसऱ्या मजल्यापर्यंत येईतो कठड्याला लोंबकळू लागली.

झालं होतं ते असं. शपथ घेतल्यावर मेस्त्री जेमतेम आठवडाभर जिना चढला होता. मग गुडघा दुखला म्हणून एक दिवस लिफ्टने आला, आणि मग रोजच यायला लागला. शेवटचा एक मजला सोडून उतरायचं, बाटलीतलं पाणी कपाळावर मारायचं आणि उरलेल्या पायऱ्या धावत चढायच्या, म्हणजे धाप खरी लागते. लिफ्ट थांबली की टिंग असा आवाज यायचा, तो वर घरात ऐकू जाईल म्हणून त्याने घंटेची वायर काढून टाकली होती. धोक्याची घंटा त्याच वायरीवर होती, पण तेवढ्यात कोण अडकणार आहे, असं त्याला वाटलं होतं. त्या दिवशी लिफ्ट अडकली, आणि आत तो तर होताच, सोबत त्याची आईही होती. त्याने कंपनीत तक्रार नोंदवायला फोन केला. तिकडच्या मुलीने पत्ता विचारला, थांबायला सांगितलं, आणि आमचा त्या भागातला मेकॅनिक लगेच येईल असं आश्वासन दिलं. पाठोपाठ त्याच्याच फोनवर निरोप आला की तुमच्या भागात एक लिफ्ट अडकली आहे, ताबडतोब पोचा. दुसरा मेकॅनिक पाठवा म्हणून तो त्या मुलीशी भांडत होता, त्यामुळे सेक्रेटरींचा फोन त्याला लागत नव्हता.

ती लिफ्टच्या दाराशी पोचली. आतून मऊ, अपराधी खोकला आला. तिने दारावर टकटक केलं.

"हॉस्पिटलची लिफ्ट निघाली का?"

मग सासूबाईंचा आवाज आला. त्याला बोलू नकोस, असं त्या म्हणाल्या. मीच त्याला खाली बोलावलं होतं. बेकरीतून केक आणला होता, घरात तुझ्यासमोर खाता येत नाही म्हणून आम्ही खालच्या बाकावर बसून खातो. रोज नाही, अधूनमधून. आणि का नाही खाणार, दिवसभर मेहनतीचं काम करतो पोरगा.

"दोष तुझ्यात," सासूबाई म्हणाल्या, "आणि उपाशी मरतोय तो. बायकोची सोबत म्हणून. दुसऱ्या कुणी एवढं केलं असतं का?"

ती दाराकडे बघत उभी राहिली. मागे पोचलेल्या मंडळींनी धाप आतल्या आत गिळली. इतक्या महिन्यांचे उसासे, ते ताटाकडे बघणं, एकटीने बाळं बघायला जाणं, सगळं एकदम तिच्या डोक्यात लख्ख झालं. रागाने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने नवऱ्याला अगदी हळू आवाजात विचारलं की तू आईंना डॉक्टरांचं काय सांगितलंयस. तो म्हणाला, आधी बाहेर काढ, मग घरात निवांत बोलू. आईला आत गरम होतंय.

मग त्याने काय करायचं ते सांगितलं. गच्चीवर मशीनची खोली आहे, किल्ली सेक्रेटरींकडे आहे. आधी मेन स्विच बंद करायचा. मग एकाने ब्रेकचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मोठं चाक हाताने फिरवायचं. ती सेक्रेटरींना घेऊन गच्चीवर गेली. खोलीत ऑइलचा वास होता. जमिनीला भोकं होती, त्यातून दोर खाली पोकळीत उतरले होते, आणि त्या भोकांतून नवऱ्याचा श्वास सुद्धा ऐकू येत होता. तिने मेन स्विच बंद केला. सेक्रेटरींनी दांड्याला हात घातला. तिने त्यांना थांबवलं आणि भोकाशी उकिडवी बसली.

"आता आईंना सांग," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाल्या ते."

खालून आवाज आला की हे काय चाललंय, लोक आहेत. ती म्हणाली, लोक होतेच, मी तुला फोन लावला तेव्हाही होते. मला घाई नाही. दुकानातलं मशीन आज बंद आहे.

मग तो पुटपुटला. तिने ऐकू आलं नाही असं सांगितलं. तो थोडा मोठ्याने म्हणाला की डॉक्टरांनी दोघांनाही वजन कमी करायला सांगितलंय. तिने पुढे विचारलं. आणि रिपोर्ट?

"रिपोर्ट दोघांचेही," तो म्हणाला. मग एक मोठा श्वास घेऊन त्याने सांगून टाकलं. "माझा तिच्यापेक्षा वाईट आहे, आई. माझेच शुक्राणू कमी आहेत. पोटामुळे आणि सिगारेटमुळे असू शकतं म्हणाल्या. सुधारू शकतं म्हणाल्या, पण मी ऐकलं तर."

तो पोकळीत बोलला होता. पोकळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकसंध होती, आणि प्रत्येक मजल्यावर तिला एक दार होतं. खाली कुठेतरी एका दाराची कडी लागली. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला होता तो परत लावला नाही. सेक्रेटरी दांडा धरून भिंतीवरच्या जळमटांकडे एकाग्रतेने बघत राहिले.

तिने चाकाला हात घातला. एवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, पण तो तिच्या ओळखीचा नव्हता.

"सूनबाई, फिरवू नकोस अजून."

त्यानंतर सासूबाईंनी मुलाला जे ऐकवलं ते सेक्रेटरींनी नंतर कुणालाच सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. माझ्याकडून तिला छळवलंस, हे त्यात अनेकदा आलं. बाळं बघायला मी एकटी जात होते, लोकांना काय काय सांगत होते, हेही आलं. मधे उरलेल्या केकचा खोका चिरडल्यासारखा आवाज झाला. शेवटी सासूबाईंचा आवाज फुटला. मग त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं की आता काढ गं, माझे पाय दुखायला लागले.

चाक जड होतं. ती दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून फिरवत राहिली. दोर इंचाइंचाने सरकत होते. प्रत्येक वळशाला तिला एक एक संध्याकाळ आठवत होती, ओलं कपाळ आणि पुढे केलेला पाण्याचा पेला, आणि ती आणखी जोरात फिरवत होती. सेक्रेटरींनी हळूच सुचवलं की मी फिरवू का वहिनी, तुम्ही दांडा धरा. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी दांडा अधिकच घट्ट धरला.

लिफ्ट मजल्याला लागली तशी ती गच्चीवरून खाली आली. दार उघडलं तेव्हा सासूबाई आधी बाहेर आल्या. त्यांच्या साडीला क्रीम लागलं होतं. मेस्त्रीच्या शर्टाला त्याहून जास्त लागलं होतं. सासूबाई सुनेसमोर थांबल्या. त्यांनी नुसता तिच्या ऑइलने माखलेल्या हातांना हात लावला आणि घरात गेल्या.

घरात आल्यावर तो बराच वेळ माफी मागत होता. ती हात धूत होती, ऑइल निघत नव्हतं.

"तू केक खाल्लास त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "मी रोज चढताना मोजत होते, की आत्ता तोही चढत असेल. त्याचं वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून तो चढायला लागला, आणि न चढून सांगतो कुणाला, कारण सासूबाई रोज संध्याकाळी वर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या. पावलांचा आवाज अगदी तळमजल्यापासून सलग यायला हवा. मधे खंड पडला तर वरून प्रश्न यायचा. दारात त्याच्या तोंडाचा वास घेतला जायचा. त्याची अवस्था बघून कुणालाही दया आली असती. तिला आली नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंकडे तिघं गेली आणि सासूबाई दोघांच्या मधे बसल्या. त्याचं वजन चांगलंच उतरलं होतं, तिचा अडलेला काटाही हलला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आताच काही सांगता येणार नाही, पण दिशा बरोबर आहे, असंच चालू द्या. सासूबाईंनी चालू राहील असं वचन दिलं. मेस्त्रीला कुणी विचारलं नाही.

तिचा राग मात्र जात नव्हता, आणि त्याला नवीनच कारण मिळालं. सकाळी कामाला निघायच्या वेळी तिला जिना उतरता येईनासा झाला. वकील पोट सावरत वर येत असायचे. त्यांच्यामागे दाढीवाला. त्याच्यामागे आजवर ज्यांना तिने फक्त लिफ्टमध्ये बघितलं होतं असे चार-दोन पुरुष, घामाघूम, कुणी कुणाकडे न बघता. खाली लिफ्ट दुरुस्त होऊन, दिवा लावून, दार उघडं टाकून रिकामी उभी. तिने एकदा चिडून विचारलं की लिफ्ट बंद आहे का. वकील म्हणाले, नाही, चालू आहे. सहजच.

"मग बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला रोज उशीर होतोय."

सगळे भिंतीला चिकटले. ती फणकाऱ्याने खाली उतरली. शेवटच्या वळणावर सेक्रेटरी कठडा धरून उभे होते, चेहरा लालबुंद. त्यांनी तिला वाट दिली, मागे-पुढे कुणी नाही ना ते बघितलं आणि दम घेत, अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"वहिनी, त्या डॉक्टरीणबाई बसतात कुठे?"