स्टिअरिंगचं तेल आणि देवीची पालखी

शिकलेल्या माणसाने आपली कामं आपल्या हाताने करावीत, असं ज्याने कोणी प्रथम सांगितलं, तो स्वतः कधी गाडीखाली शिरलेला नसणार. माझा त्याच्यावर सरळ आरोप आहे. सत्त्याऐंशी सालच्या शिमग्यात आमच्या अंगणात देवीची पालखी आली नाही, ती त्या माणसामुळे. (मी आपला निमित्तमात्र.)

आत्माराममामा मुंबईत एका शेठकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या दिवशी शेठनी आपली जुनी परदेशी गाडी त्यांनाच देऊन टाकली. शिमग्याला मामा ती घेऊन रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत आले. गाडीला पॉवर स्टिअरिंग होतं. चाक एका बोटाने फिरायचं. अख्खी वाडी येऊन एकेक बोट फिरवून गेली. मग मामा दोन दिवसांसाठी लेकीकडे दाभोळला निघाले, एसटीने. (गाडी धुळीने खराब होते म्हणून.)

जाताना म्हणाले, "बाळा, गाडी पूस, धू, आत बसून फोटो काढ. पण स्टिअरिंगच्या तेलाला हात लावू नको. काळं पडलंय, ते मी मुंबईत मिस्त्रीकडून बदलून घेईन. नवा डबा डिकीत आहे."

डबा डिकीत आहे, हे मला सांगायची काही गरज होती का?

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. 'हात काळे केल्याशिवाय देश उजळणार नाही' हे वाक्य आठवीच्या वर्गात तीनदा म्हणून झालं होतं. डिकीत डब्याशेजारी इंग्रजी पुस्तिकाही निघाली.

"अहो, अकराला पालखी येणार," विमल म्हणाली. "नऊ वाजलेत."

"अर्ध्या तासाचं काम आहे. पुस्तकात चारच ओळी आहेत."

"आई पहाटेपासून अंगण सारवतायत."

"मी अंगणाला कुठे हात लावतोय?"

आई वर्षभर या एका दिवसाची वाट बघायची. देवी दारात यायची, आई ओटी भरायची आणि आम्हाला कुणाला न सांगितलेलं काहीतरी तिच्या कानात सांगायची. यंदा विमलला सातवा महिना होता, त्यामुळे आईला बरंच बोलायचं होतं.

मी अंगणातच गाडीची पुढची चाकं जॅकने उचलून खाली जांभ्याचे चिरे लावले. तेलाची नळी ओढली. ती शेठच्याच वयाची असावी. दोन तुकड्यांत निघाली. खाली पातेलं ठेवलं. (आंबोळीच्या पिठाचं. हे आईला अजून माहीत नाही.) चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'इंजिन चालू करून चाक दोन्ही बाजूंना फिरवावे.' मी फिरवलं.

तेलाने पातेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिळकांडी उडाली ती थेट रांगोळीवर. विमल हातवारे करत होती. पण 'तेल संपेपर्यंत' असं पुस्तकात होतं, आणि मी सूचना पाळणारा माणूस.

"राख टाका राख!" मी उतरल्यावर ती म्हणाली.

"राख हा अडाणी उपाय आहे, विमल. तेल आणि साबण यांची रासायनिक क्रिया होते."

कपड्यांच्या पावडरचा पुडा आणि चार बादल्या पाणी ओतल्यावर ती झालीही. ओलं सारवण, तेल आणि फेस यांचा जो राडा झाला, त्यात गाडी खाली उतरवायला जॅकही उभा राहीना. गाडी तशीच नाक वर करून राहिली, रडायला बसलेल्या कुत्र्यासारखी.

तेवढ्यात ढोल ऐकू आले.

पालखीपुढे काठी घेऊन मानकरी बाबाजी होते. त्यांनी आत एक पाय टाकला, हातभर घसरले आणि काठीवर सावरले.

"नाय आनंदीबाय. मानसं पडली तर चालंल. देवी पडून चालायची नाय," ते आईला म्हणाले.

"पाच मिनिटं थांबा बाबाजी, राख टाकतो," मी म्हणालो.

"अजून चाळीस घरं हायत, मास्तर."

पालखी दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या येसूबाईच्या अंगणात बसली. गडग्यातल्या फणसावरून आई आणि येसूबाई अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेजारधर्मावर मी दोघींना व्याख्यानं दिली होती; दोघींनी ती आपापल्या ओसरीवर बसून शांतपणे ऐकली होती.

आई ओटीचं ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मग पदर सावरून ती गडग्याच्या फटीतून पलीकडे गेली.

"ये गो आनंदी," येसूबाई म्हणाली. "भर ओटी. माझं अंगण कोरडं हाय."

आईने ओटी भरली. बोलायला वाकली, पण येसूबाईचा कान वीतभर अंतरावर होता. ती नुसतीच हात जोडून परत आली. पुढे विमलला मुलगी झाली, धडधाकट. पण त्या दिवशी आईला काय सांगायचं होतं, ते विचारायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही.

पालखी उठली. जाता जाता बाबाजी आमच्या दाराशी थबकले आणि त्यांनी काठी गाडीकडे रोखली.

"मास्तर, बिघाड तरी काय हुता हिच्यात?"

"काही नव्हता," मी म्हणालो.

बाबाजींनी काठी खांद्यावर टाकली. "मग आता हाय ना?"